खंडेनवमीचा जॅक

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय. पर आता मला कुणाचं भ्या? घेती की. जोतीराम. त्या काळात कोल्हापूरच्या मोटारस्टँडवर जोतीराम डायव्हर म्हटलं की लोक म्हणायचे, "असा नेमाचा मानूस हुणं न्हाय." आन् ते खोटं न्हवतं, त्येचाच तर मला राग हाय. दारुडा असता, आळशी असता, तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. चांगल्या मानसाला शिव्या घालायची बी सोय नसती बाई.

आमचं मालक, म्हंजे जोतीराम, आधी एका इनामदाराची मोटार चालवायचं. संस्थान गेलं, इनामदाराचा थाट गेला, आन् दारातली काळी मोटार त्येनं विकायला काढली. मालकांनी ती घेतली. कशावर घेतली? माझ्या हातातल्या पाटल्यांवर. त्या पाटल्या माझ्या आयनं, चिमणाबाईनं, लग्नात सोता माझ्या हातात सारल्या हुत्या. मुरगूडला तिला कळालं तवा तिनं निरोप धाडला, "लोखंडासाठी सोनं मोडलंस न्हवं? आता त्या लोखंडातच बस. माझ्या दारात येऊ नगंस." मी बी तिचीच लेक. न्हाय गेले. दोन दिवाळ्या माहेराविना काढल्या, पर दर सणाला पुरण वाटताना तिची सय यायची.

आन् मोटारीची बडदास्त काय सांगू! सकाळी उठलं की मालक तोंडावर पाणी मारायच्या आधी तिच्या रेडिएटरात पाणी घालायचं, ते बी फडक्यानं गाळून. तेलाची पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. चाकावर बोटाच्या पेरानं टकटक करायची आन् कान लावायचा. हवा म्हणं कानानं कळती. मागच्या शिटाखाली गोणपाटात गुंडाळलेली पेटी. जॅक, पाना, पंप, पंक्चरच्या चिकट्या. ती पेटी उघडून बघितल्याबिगर गाडी गल्लीच्या भाईर पडायची न्हाय. भाकरी घरात ऱ्हायली असंल, पेटी कधी न्हाय. एकदा निपाणीच्या वाटंवर पंख्याचा पट्टा तुटला, तर शिटावर पसरलेल्या माझ्या जुन्या लुगड्याचा काठ वळून पट्ट्यागत बांधला आन् पाशिंजर पोचवून आलं. असा हिकमती मानूस!

त्या साली नवरात्रात खंडेनवमीला सकाळी मालकांनी मोटार धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पेटी रिकामी केली. एकूण एक हत्यार घासून तेल लावून देव्हाऱ्यापुढं पाटावर मांडलं. जॅक मधी, भवतीनं पाने, वर हळदकुकू. पुजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापातूर उचलायचं न्हाय, ही चाल तुमच्या-आमच्याकडं सगळीकडंच हाय. सुतार करवत उचलत न्हाय, न्हावी वस्तरा उचलत न्हाय. मी बी त्या पाटाला हात जोडले.

आरती झाली न झाली तोच दारात मुरगूडचा ज्ञानू हुबा. आमच्या आयच्या शेजारचा. सकाळच्या सर्विस मोटारीनं आलता. तो उंबऱ्यातच म्हणाला, "बयाक्का, चल. चिमणाकाकीचं काय खरं न्हाय. रातीपासनं तुझंच नाव घेतीया. बयाला बोलवा, तिला एक सांगायचं हाय म्हणती. तुझ्या भावानं, गुंडूनं ईचारलं, आये मला सांग की. तर म्हणाली, न्हाय, तिलाच सांगायचं."

दोन वरसं जिनं तोंड बघितलं न्हाय ती बोलावतीया. म्हंजे राग गेला. का गेला न्हाय? का शेवटचं बोलून घ्यायचं असंल? काय का असंना, आयच्या तोंडातनं ऐकायचं हुतं. परतीची सर्विस मोटार पार सांजची. मी मालकाकडं बघितलं.

मालक म्हणालं, "गाडी काढतो की! सासूबाईंसाठी न्हाय काढायची तर कवा?" खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला त्येंचा अभिमान वाटला.

मोटार हँडल मारून सुरू व्हायची, आन् हँडल पाटावर. मालकांनी जरा विचार केला, देवापुढं हात जोडलं आन् हँडल उचललं. मी म्हटलं, "मग जॅक-पाना बी घ्या की."

"ते न्हाय जमायचं," मालक म्हणालं. "गाडी म्हंजे घोडा. घोडा पूजला तरी त्येच्यावर बसायला चालतंय. हँडल म्हंजे त्येचा लगाम. पर जॅक-पाना म्हंजे हत्यार. हत्यार उचललं तर देवीचा कोप हुईल. गाडीवरच पोट हाय आपलं."

आता बघा, घोडा चालतो, लगाम चालतो, हत्यार तेवढं चालत न्हाय! हे शास्तर कुणी सांगितलं हुतं? पर माझा जीव मुरगुडात. वाद घालत बसले न्हाय. ज्ञानू कोल्हापुरात सामान घ्यायला ऱ्हायला आन् आमी दोघंच निघालो.

उचगाव मागं पडलं, गोकुळ शिरगाव मागं पडलं. गाडी झ्याक चालली हुती. कागल आता हाकंच्या अंतरावर म्हणेस्तवर मागनं फस्सकन आवाज झाला आन् गाडी एका अंगाला लंगडायला लागली. बैलाच्या नालाचा खिळा चाकात शिरलता. मालक उतरलं, वाकून बघितलं, आन् सवयीनं सरळ मागच्या शिटाकडं गेलं. शीट उचललं. खाली गोणपाट तेवढं पडलेलं. मालक त्या गोणपाटाकडं बघत ऱ्हायलं. आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं?

स्टेपनी हुती बरं का! चांगली, हवा भरलेली, टकटक करून बघितलेली. पर नट खोलायचे कशानं, दातानं? मालकांनी दगडानं ठोकून बघितलं, बाभळीचं लाकूड घालून गाडी उचलायला बघितलं. बोटं सोलून निघाली, नट काय हलला न्हाय.

तेवढ्यात समोरनं एक लॉरी आली. कोल्हापूरच्या बाजाराला झेंडूची पोती चाललीती. डायव्हर उचगावचा हंबीरराव, मालकाच्या वळखीचा. खाली उतरला, चाक बघितलं, आन् काय हसला मुडदा! "जोतीबा, तुझा जॅक कुठाय?"

"पुजेला."

"माझा बी पुजेलाच! आज सगळ्या रस्त्याची हत्यारं देवापुढं. कागलात जा, बेळगावापातूर जा, कोण पान्याला हात लावायचा न्हाय."

मी तोंडावर पदर घेऊन हुबी हुते, पर तवा मला राहवलं न्हाय. मी म्हटलं, "पावणं, चाकात हवा नसली तर गाडी चालतच न्हाय व्हय?"

हंबीररावाचं हसू गेलं. तो म्हणाला, "चालती की वैनी. सावकाश न्यायची. टायर जाईल, रिम बी वाकंल कदाचित. पर पोचाल. का, एवढी घाई काय हाय?"

"माझी आय शेवटच्या घटका मोजतीया मुरगुडात."

हंबीरराव मालकाकडं वळला. "मग हुबा काय ऱ्हायलास रं? तशीच हाण की! टायरचं काय, उद्या दुसरा मिळंल."

मालक चाकावर हात फिरवत ऱ्हायलं. हंबीररावाची लॉरी उलट्या दिशेची, त्येला बी बाजारात फुलं पोचवायची घाई. त्यो निघून गेला. मग मालक म्हणालं, "त्येला काय जातंय बोलायला? त्येची गाडी शेठची. नवा टायर का झाडाला लागतोय? रिम वाकली तर गाडी महिनाभर दारात हुबी ऱ्हाईल."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे हुबी."

"असं कसं ऱ्हाऊ दे?"

"मी पाया पडती तुमच्या. हाणा तशीच."

आन् खरंच पडले. भर रस्त्यात, धुरळ्यात. मालकांनी मला उठवलं, मायेनं उठवलं, माझ्या कपाळाची माती पुसली आन् म्हणालं, "बया, जरा दम धर. कागलात माझ्या वळखी हायत. कुणाचा तरी पाना मागून आणतो. तासाभरात आलोच. तू गाडीत बस, गाडीकडं लक्ष ठेव."

गाडीकडं लक्ष ठेव! माझं आतडं-काळीज तितं मुरगुडात तुटतंय आन् मी हितं त्या माळा घातलेल्या लोखंडाची राखण करायची! तरी बसले. बायकांची जातच मेली बसायची. ऊन चढलं. झेंडू सुकाय लागला. कागलाकडनं येणारं मानूस दिसलं की वाटायचं हे आलं, आन् ते दुसरंच कुणीतरी असायचं. मग मी उतरले, मोटारीचं दार आपटलं आन् चालाय लागले.

कागलातनं गेले, पर मालक कुठं दिसलं न्हायत. कागलाच्या पुढं एक बैलगाडी मिळाली. अंबूबाई म्हणून म्हातारी लेकाबरूबर चाललीती. माझी दशा बघून तिनं ईचारलं बी न्हाय, नुसतं सरकून जागा दिली. बैल आपल्या चालीनं चाललं. बैलाला काय सांगणार? मी मनातल्या मनात आयला म्हणत हुते, थांब, आये, थांब जरा, आले मी.

मुरगुडात शिरले तवा दिवं लागायची वेळ हुती. गल्लीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. गुंडू, माझा धाकटा भाऊ, धावत येऊन गळ्यात पडला. "ताई, आत्ताच गेली ग. आत्ताच. दुपारपासनं एकच घोशा लावलाता तिनं. मोटार वाजली का रं? बघ जरा, मोटार वाजली का? मी चारदा वेशीपातूर जाऊन आलो."

त्याच मोटारीला लोखंड म्हणून थुकली हुती माझी आय, आन् मरताना तिच्याच भोंग्याकडं कान लावून बसली. मी बैलगाडीनं आले. मोटार तिनं ऐकलीच न्हाय. मी तिचं थंड तोंड हातात धरून ईचारलं, काय सांगायचं हुतं आये, सांग की, आले न्हवं मी. मेलेलं मानूस कुठं सांगतंय? राग गेला हुता का, का आनखी काय हुतं, ते तिच्यासंगं गेलं. गुंडूनं त्याच राती अग्नी दिला.

मालक दुसऱ्या दिवशी आलं. दसऱ्याला, ऊन चांगलं वर आल्यावर. भोंगा वाजला तवा आमी बायका सोप्यात बसलोतो, सगळ्याजणी दचकल्या. मोटार नीट चार चाकांवर आलती. काल कागलात मालकांनी दारोदार फिरून पाना मागितला, कुणी दिला न्हाय. परत आलं तर मी न्हाय. मग माझ्या मागं यायचं सोडून गाडी रस्त्यावर एकटी कशी टाकायची म्हणून राती गाडीतच झोपलं. सकाळी कागलात एका डायव्हरानं दसऱ्याची पूजा करून पाना-जॅक उचलला, तवा चाक बदललं.

सोप्यातली मानसं हळहळली. आमचा चुलता म्हणाला, "बघा, जावई कसा नेमाचा! एवढं संकट आलं तरी चाल मोडली न्हाय. असा मानूस ऱ्हायला न्हाय आता." चार जणांनी माना हलवल्या. बयाबाई नशीबवान, असं बी कोणतरी म्हणालं.

मालक माझ्यापुढं येऊन बसलं. डोळं लाल झालते, रडलं असतील, मी न्हाय म्हणत न्हाय. खाली बघून हळूच म्हणालं, "माझ्या हातात काय हुतं, बया? हत्यार उचललं असतं तर देवीचा कोप झाला असता."

तवापातूर मी रडले न्हवते. तवा बी न्हाय रडले. सगळ्या गणगोतादेखत, पदर नीट न करता, मी त्येंना ईचारलं, "कोप झाला असता म्हंजे काय झालं असतं वो? माझी आय मेली असती?"

चुलत्यानं पान चघळायचं थांबवलं. मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग भिताडाकडं, आन् उठून भाईर गेलं.