थांबवायचं पाणी

आत्याला तपासणीच्या टेबलापर्यंत आणायला मला दोन वर्षं लागली. आज दुकान, उद्या पाहुणे, परवा कंबर. शेवटी माझं डोकंच फिरलं. गावभरच्या बायकांना शहाणपण शिकवणारी मी नर्स, आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार! तेव्हा कुठे ती आली, तीही केस नीट विंचरून. "फोटो काढणार ना," म्हणाली.

फोटोच, पण गर्भाशयाच्या तोंडाचा. आमच्याकडे मोठं यंत्र नाही. मोबाइल, त्यावर बसवलेलं भिंग, दिवा आणि वाटीत पातळ केलेलं व्हिनेगर. ते लावून मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडू लागल्या असतील तर तिथे पांढरं उमटतं, कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी.

मी कापसाने व्हिनेगर लावलं. वास खोलीभर पसरला आणि आत्या एकदम गप्प झाली. जन्मात पहिल्यांदाच असेल.

"हा तर डार्करूमचा वास," ती हळूच म्हणाली.

आजोबांच्या फोटो स्टुडिओत ती पंधराव्या वर्षापासून होती. लाल दिवा, तीन ट्रे, पाण्यात तरंगत वर येणारे चेहरे. तिने डोळे मिटले आणि घड्याळाशिवाय, संथपणे मोजू लागली. पडद्यातून ऊन झिरपत होतं, पंखा फिरत होता, आणि तिच्या आकड्यांबरोबर मीही कुठेतरी वाहत गेले. कोण कुणाला तपासतंय तेच कळेना.

"साठ. बघ, आलं असेल."

आलं होतं. कडेला, तांदळाएवढं, ठळक काठाचं.

आत्याने मोबाइल मागून घेतला. फोटोतले डाग घालवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. आताही तिचा अंगठा आपोआप त्या डागावर गेला.

"धूळ आहे गं. भिंग पूस."

पुसलं. पुन्हा फोटो काढला. डाग तिथेच.

"दिव्याची चमक असेल. जरा कलता धर."

धरला. चमक सरकली, डाग जागचा हलला नाही. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"काचेवरचा नाही हा," ती म्हणाली. "माझाच आहे."

"कॅन्सर नाही तो, आत्या. डॉक्टर शेजारच्या खोलीत आहेत. आज, इथेच, मिनिटभराच्या शेकाने जाळता येईल. घरी गेलीस तर तू परत येणार नाहीस, मी ओळखून आहे तुला."

तिने पाय खाली सोडले, चपला चाचपल्या, दाराकडे पाहिलं. मला रडू फुटणार होतं. मग तिची नजर वाटीवर गेली.

"मधल्या ट्रेमध्ये हेच असायचं. थांबवायचं पाणी. चित्र हवं तेवढं आलं की लगेच त्यात बुडवायचं. उशीर झाला की सगळा कागद काळा. एका नवरीचा फोटो असाच घालवला मी, बोलायच्या नादात."

चपला तिने पायानेच परत टेबलाखाली सारल्या.

"दोन वर्षं झाली ना गं, तुझ्याशी नुसती बोलतेच आहे मी?"

तिने पाय वर घेतले आणि पुन्हा आडवी झाली.

"बोलाव डॉक्टरांना. मोजते मी."