भागूबाईच्या हातचा दोर

तात्याबा दुकानाच्या गर्डरला टांगलेला होता आणि सावकाश गोल फिरत होता. अंगात सदरा-लेंगा, त्यावर कमरेला आणि मांड्यांना आवळलेले लाल पट्टे, आणि गांधी टोपीवर बसवलेलं पिवळं हेल्मेट. टोपी काढायला त्यानं साफ नकार दिला होता. पिंपरी कॅम्पातल्या त्या गल्लीतून जाणारे लोक थांबून बघत होते, आणि लोक बघायला लागले की तात्याबाला आणखी हुरूप यायचा.

"कसं वाटतंय, मामा?" अनिसनं खालून विचारलं.

"झ्याक. मांड्या तेवढ्या काचत्यात."

"पट्टा सैल करू?"

"नगं. खोगीर सैल केलं की घोडं लाथा झाडतंय."

अनिसच्या दुकानात कारखान्यांना लागणारा सगळा माल होता. दोर, पट्टे, हातमोजे, हेल्मेट. उंचावर काम करणाऱ्यांनी सामान घालून बघावं म्हणून त्यानं दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात छताला एक गर्डरच टाकला होता आणि त्याखाली जुन्या पट्ट्यांनी भरलेल्या गोण्या अंथरल्या होत्या. दोराच्या एका वेटोळ्यावर भागूबाई बसली होती आणि नवऱ्याचे पाय वर जातात का खाली येतात हे बघत होती. ती सवय तिला तीस वर्षांची होती.

तात्याबाचं काम झाडावर चढण्याचं. चाकणजवळच्या निघोज्याच्या पंचक्रोशीतल्या चिंचा झोडायच्या, आळंदीच्या धर्मशाळांमधले नारळ उतरवायचे, आणि कंपन्या आल्यापासून त्यांच्या आवारातली झाडं छाटायची. चढायला तो कुणाचं साह्य घ्यायचा नाही. उतरताना मात्र कमरेला बांधलेला सोल, म्हणजे जाड दोर, फांदीवरून खाली यायचा, भागूबाई त्याचे बुंध्याला दोन वेढे द्यायची आणि हळूहळू सोडत नवऱ्याला जमिनीवर आणायची. संसारात नवऱ्याला असं दोरावर धरून ठेवायची सोय फार थोड्या बायकांना मिळते, असं ती शेजारणींना सांगायची.

यंदा तिचा उजवा खांदा जाम झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओझं ओढायचं कायमचं बंद केलं. त्यातच कंपनीचा निरोप आला की यापुढे अनवाणी पाय आणि सोल चालणार नाही, सुरक्षेचं सामान असेल तरच आत या. म्हणजे दोनच वाटा उरल्या. तात्याबानं झाडं सोडायची, नाहीतर भागूबाईवाचून उतरायला शिकायचं. झाडं सोडली तर हा माणूस महिनाभरात खाटेला लागेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि भलतंच सामान घेतलं तर महिनाही लागायचा नाही. म्हणून ती दुखरा खांदा घेऊन चाकणहून दोन बस बदलून त्याच्याबरोबर आली होती.

सुरुवात दोरावरून झाली होती. तात्याबानं घरचा सोल गोणीत घालून आणला होता. अनिसनं तो आदरानं हातात घेतला आणि तितक्याच आदरानं परत दिला.

"मामा, उतरायच्या कडीत हा जाणारच नाही."

"मंग त्यो जाड दे. दोर जाड, तर जिवाला आधार."

"तो ट्रेलरवरचा माल बांधायचा आहे. कडीत अकरा मिलिमीटरचाच बसतो. हा बघा."

तात्याबानं तो पांढरा दोर दोन बोटांत धरून अनिसकडे पाहिलं. "ही लेंग्याची नाडी हाय का काय?"

"ही नाडी दोन टनालाही तुटत नाही, मामा."

"तरी नीट बघून घ्या," भागूबाई म्हणाली. "ह्यांचं वजन छप्पन्न किलो, पन बढाया दोन टनाच्या वर हायेत."

मग कड्यांची पाळी आली. अनिसनं आधी आठाच्या आकाराची एक साधी कडी दाखवली. दोर तिच्यातून ओवायचा, खालच्या हातानं धरून ठेवायचा, ढिला सोडला की माणूस खाली. हात सुटला की माणूसही सुटला.

"मंग ह्याच्यात नवं काय?" भागूबाई म्हणाली. "मीबी हेच करत व्हते. आन् मी हात सोडत नव्हते."

ती कडी बाजूला गेली. दुसरीला दांडा होता. दांडा दाबला की उतरायचं, सोडला की जागेवर थांबायचं. तात्याबाला ती बघताक्षणी आवडली. स्कूटरच्या ब्रेकसारखी दिसत होती, आणि स्कूटर घ्यायची त्याची हौस राहूनच गेली होती. ती लावून तो आता टांगलेला होता, दाबत होता, वीतभर खाली येत होता, सोडत होता, थांबत होता, आणि गल्लीतल्या बघ्यांना समजावून सांगत होता.

भागूबाई मात्र त्याच्या मुठीकडे बघत होती.

"अनिसभाऊ, दांडा जोरात आवळला तर?"

"आवळला तर भरकन खाली येणार, मावशी. थांबायचं तर सोडायचा."

"म्हंजे भ्याल्यावर सोडायचं."

"हो. मूठ उघडायची."

"भ्यालेला मानूस कंदी मूठ उघडतो का?"

भागूबाईला तीस वर्षांत नवरा चारदा घाबरलेला माहीत होता. एकदा आग्यामोहोळ उठलं तेव्हा, एकदा नारळाच्या शेंड्यात साप निघाला तेव्हा, आणि दोनदा फांदी मोडली तेव्हा. चारही वेळा त्यानं हाताला लागेल ते असं आवळलं होतं की खाली आल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्या वेळी ते चालून गेलं, कारण दोराचं दुसरं टोक तिच्याकडे होतं. ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. खुद्द तात्याबालाही नव्हती, कारण आपण कधी घाबरतो हेच त्याला मान्य नव्हतं.

ती उठली, कोपऱ्यातला पत्र्याचा मोठा डबा उचलून डाव्या हातानं कट्ट्यावर ठेवला आणि तात्याबाची पाठ तिच्याकडे फिरताच खाली ढकलला.

असा आवाज झाला की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. तात्याबानं दांडा जिवाच्या आकांतानं आवळला आणि पाच फुटांवरून थेट गोण्यांवर बसला. हेल्मेट नाकावर आलं. मूठ अजून मिटलेलीच होती.

"काय पडलं?" त्यानं हेल्मेटाखालून विचारलं.

"तुमी," भागूबाई म्हणाली.

हसताना अनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं ते पुसलं, तात्याबाची विचारपूस केली आणि काचेच्या कपाटातून तिसरी कडी काढली. तिलाही दांडा होता. पण हा दांडा बेतानं दाबला तरच माणूस उतरणार. सोडला तर थांबणार, आणि घाबरून पुरता आवळला तरीही थांबणार.

"आधी हीच का न्हाई काढली?" भागूबाईनं विचारलं.

"महाग आहे, मावशी. आणि खरं सांगू का, असं कुणी विचारतच नाही."

तात्याबा पुन्हा टांगला गेला. आता तो सावध होता, डब्यावर नजर ठेवून होता. भागूबाई पुन्हा वेटोळ्यावर जाऊन बसली. चहा आला, चहा झाला. तात्याबा लोंबकळत लोंबकळत अनिसला सापाची गोष्ट सांगू लागला, आणि त्या गोष्टीत तो स्वतः अजिबात घाबरलेला नव्हता. साप फणा काढतो तिथपर्यंत गोष्ट आली, तेव्हा भागूबाई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आवं, सदऱ्यात पाल शिरली तुमच्या."

तात्याबानं दोन्ही हातांनी दांडा आवळला. दोर हलला नाही. तो होता तिथंच, अधांतरी, डोळे मिटून थांबून राहिला.

"हीच द्या," भागूबाई म्हणाली.

बसमध्ये तात्याबा सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसला. पालीवरून तो थोडा वेळ रुसला, मग विसरला. चाकणच्या चौकात बस अडकली तेव्हा म्हणाला, "आता तुझी सुटका झाली बघ. घरी बसायचं, आराम करायचा."

भागूबाई हूं म्हणाली. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. नवरा आता पडणार नव्हता. पण तिला वाईटही वाटत होतं. चारचौघांत उठून दिसावं असं तिला आयुष्यात एकच काम येत होतं, आणि ते काम करणारी वस्तू तिनं स्वतः पारखून घेतली होती.

"मी येनार हाय," ती चौक ओलांडल्यावर म्हणाली.

"कशाला?"

"बघायला."

पुढचे पंधरा दिवस अनिसच्या ओळखीचा एक माणूस निघोज्याला येऊन तात्याबाला शिकवून गेला. वळवाचे वारे सुटायच्या आत कंपनीच्या फाटकाजवळचे तीन शिरीष छाटायचे होते. तिथं पुनम नावाची सुरक्षा अधिकारी होती, तिशीच्या आतली, हातात पुठ्ठ्यावर लावलेले कागद. तिनं कडी, दोर, पट्टे सगळं तपासलं, मान डोलावली, आणि पहिल्या झाडाभोवती लाल-पांढरी पट्टी बांधून मोठं रिंगण केलं.

"मावशी, तुम्ही पट्टीच्या बाहेर."

"मी खालचीच हाय, ताई. बुंध्याशी असते मी."

"माहितीये मावशी. पण वरून फांदी पडली तर? आता आत कुणीच नाही."

भागूबाई मागे सरकत सरकत डांबरावर गेली. तिथं सावली नव्हती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिनं ते कमरेवर ठेवले.

आणि मग तिनं मान वर केली. बुंध्याशी उभं राहिलं की वर दिसायचे ते तात्याबाचे तळवे आणि दोर. इतक्या लांबून पूर्ण झाड दिसत होतं आणि झाडात पूर्ण माणूस. तो चढला छान. फांद्या तोडल्या, पट्टीच्या आत नीट पाडल्या. पण फांद्यांच्या एका दुबेळक्यातून दुसऱ्यात जाण्याआधी तो दर वेळी थांबत होता. खाली बुंध्याशी कुणी नाही असं बघून खोडाला टेकत होता, दोन्ही हातांनी उजवा गुडघा दाबत होता, तोंड वेडंवाकडं करत होता, आणि मग पाय उचलत होता. तळव्यांवरून यातलं काही कधी दिसलं नव्हतं. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

तात्याबा उतरला मात्र राजासारखा. दांडा बेतानं दाबत, एका लयीत, एका हातानं टोपीवरचं हेल्मेट सावरत. जमिनीवर आला, कडी सोडली आणि छाती काढून पट्टीपर्यंत चालत आला.

"बघितलंस का?"

"तुमाला काय बघायचं? म्या ह्या ताईंसंगं बोलत व्हते."

पुनमनं तिच्याकडे पाहिलं. दोघी अर्ध्या तासात एक शब्द बोलल्या नव्हत्या. पुनम कागदांत बघू लागली.

"चला, दुसरं घेऊ," तात्याबा म्हणाला.

"आज नगं," भागूबाई म्हणाली. "मला हितं डांबरावर उभं ऱ्हावत न्हाई. डोकं गरगरतंय उन्हानं. रोजाला एकच झाड घ्या."

तात्याबानं दुसऱ्या शिरीषाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नेहमी एका गोष्टीवर चार फाटे फोडणारा माणूस, पण या वेळी त्यानं एकही फोडला नाही.

"ताई, आज येवढंच करू," तो पुनमला म्हणाला. "माझं काय न्हाई, मी तिन्ही उतरवली असती. पन हिला ऊन सोसंना. वय झालं आता तिचं."

"काही हरकत नाही काका. उद्या करा," पुनम म्हणाली.

"म्हातारी झाली बगा," तात्याबा पुन्हा म्हणाला.

"व्हय," भागूबाई म्हणाली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि उन्हानं थकलेल्या बाईसारखी फाटकाच्या भिंतीला टेकून सावकाश खाली बसली. तात्याबाही तिच्या शेजारी बसला आणि त्यानं दोन्ही पाय लांब केले.