डेल्सीची चौकशी

तोंडवलीत एखादा अनोळखी तरुण इस्त्रीचा शर्ट घालून मुलीची चौकशी करू लागला आणि वर "कोणाला बोलू नका" म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच होतो. सीताच्या दुकानातून ही बातमी जेसिंताच्या अंगणात पोचायला पाच मिनिटं लागली. तीसुद्धा सीता आधी चपला शोधत बसली म्हणून.

जेसिंताला वाटलं, चर्चमधली सायबीण पावली. तिची लेक डेल्सी छत्तीस वर्षांची, अजून बिनलग्नाची. पंधरा वर्षं दिल्लीत, सरकारी कचेरीत देशाचे कॉम्प्युटर चोरांपासून राखायची आणि त्यासाठीचे नियम लिहायची. कोणी विचारलंच तर जेसिंता "रिपेरी करता" म्हणून मोकळी होई.

तरुण दारात आला. आपण विम्याच्या कामासाठी आलो आहोत, असं शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला. जेसिंताने मान डोलावली आणि ताट वाढायला घेतलं.

"नको काकू, मी कामावर आहे."

"जेवल्याशिवाय विमो उतरता खंय?"

सुरमईच्या दुसऱ्या तुकडीला त्याची शुद्ध मराठी सुटली. "माझी आवय अशीच कढी करता," तो म्हणाला. जेसिंताला तेवढं पुरे होतं. सोलकढीच्या तिसऱ्या वाटीपर्यंत तिला कळलं, की हा सावंतवाडीचा स्टॅनली, बाप शाळामास्तर, लग्न व्हायचंय, विमा निव्वळ थाप, खरं काम गुप्त आणि दिल्लीचा साहेब भारी चिडका. तिनेही हात आखडला नाही. डेल्सीचा मामा कुस्तोदियो लिस्बनला असतो, पासपोर्ट पोर्तुगालचा, जावयालाही नेईल, असं सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. "बाय, स्थळ इला."

डेल्सीने सगळं ऐकून घेतलं. "माय, ता स्थळ नाय. शुक्रवारी माझी मुलाखत आसा. मोठी जागा. म्हणान सरकार गुपचूप चौकशी करता."

लेकीची पंधरा वर्षांची मेहनत आपण एका जेवणात बुडवली, असं वाटून जेसिंताला रडू फुटलं. "मामाचा मी सांगूक नको होता."

"मामा मी फॉर्मात कधीच लिवलंय. तू माका त्या विमेवाल्याचा सांग. पयल्यापासून."

शुक्रवारी जेसिंताने मेणबत्त्या लावल्या आणि फोनपाशी बसून राहिली. धीर द्यायला सीताही आली होती. दुपारी फोन वाजला तशी सीतानेही कान पुढे केला.

"देशाची गुपितां पयली खंयसून फुटतत, असा विचारल्यानी," डेल्सी सांगत होती. "मी म्हटलंय, मशीनीतून नाय, माणसातून. मगे नाव न घेता सांगलंय, तुमच्या माणसान आमच्याकडे जेवताना काय काय सांगल्यान ता. विम्यापासून सायबाच्या रागापर्यंत. तो सायब थंयच बसलेलो."

"मगे?"

"पयलो तोच हसलो. जागा माका गावली, माय."

जेसिंताचा जीव भांड्यात पडला.

"पण आयक," डेल्सी म्हणाली, "ऑर्डर हातात येयपर्यंत ह्या कोणाक सांगा नको. अगदी कोणाक म्हणजे कोणाक."

जेसिंताने शेजारी पाहिलं. सीताची खुर्ची रिकामी होती. चपला तेवढ्या पायरीवरच राहिल्या होत्या.