भुतांसाठी मोकळी रांग

सगळ्यात भारी भुताचा सिनेमा कोणता, या एका प्रश्नावर शाम-शुई-पो या जुन्या चिनी वस्तीतल्या एका चहाच्या हॉटेलात जितकी भांडणं झाली, तितकी त्या गल्लीत वाटण्यांवरूनही झाली नसतील. भांडणारी माणसं दोन. एक हो-काका, जन्मभर थेटराच्या दारात तिकिटं फाडलेला माणूस. दुसरी खिंगताई, जी तरुणपणी त्याच थेटराच्या पडद्यावर मरायची. ती स्टंटचं काम करायची. छपरावरून पडायचं, विहिरीत उडी टाकायची, आणि नटी प्रेत व्हायला घाबरली की तिच्या जागी निजायचं. आता सत्तरी उलटली होती, पण धंद्यातलं लहानथोर तिला ताईच म्हणायचं.

हो-काकांचा जीव जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांवर. त्यात पडकी हवेली असायची, अंधारात बाई रडायची, आणि शेवटी इन्स्पेक्टर येऊन भुतावरची चादर ओढायचा. आत निघायचा इस्टेटीवर डोळा ठेवून असलेला चुलता.

"चादरीतला चुलता!" खिंगताई बनपाव मोडत म्हणायची. "त्यापेक्षा माझा घरमालक बघा. चादर न घेताच घाबरवतो."

"आणि तुमची ती उड्या मारणारी मढी? कपाळावर पिवळा कागद, हात पुढे, टुणूक टुणूक! भूत म्हणायचं की बेडूक?"

"त्या बेडकांच्या जिवावर तुमचा पगार निघत होता, काका. उपकार विसरू नका."

या दोघांत अधूनमधून येऊन बसायची सिट का-यान. तिशीची पोरगी, त्याच थेटरात कुठला सिनेमा कधी लावायचा ते ठरवायची. तिला आवडायचे नव्या काळातले, गप्प गप्प सिनेमे. लांबलचक व्हरांडा, लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबते, दार उघडतं, आत कोणी नसतं. संपला सिनेमा. या बाबतीत मात्र दोन्ही म्हाताऱ्यांचं एकमत होतं. "यात भूत कुठंय? लिफ्टवाल्याला फोन करायचा ना!"

त्या वर्षी सातव्या महिन्यात, म्हणजे मेलेली माणसं परत फिरायला येतात त्या महिन्यात, का-यानने थेटरात भुतांच्या सिनेमांचा आठवडा ठरवला. प्रत्येक काळातला एक, लोकांनी मतं देऊन निवडलेला. हो-काकांचा चुलता निवडून आला. का-यानची लिफ्टही आली. आणि मधल्या काळातून, सगळ्या उड्या मारणाऱ्या मढ्यांना मागे टाकून, आला 'केसांचा कारखाना'.

हा खिंगताईचा सिनेमा. तिचा म्हणजे अगदी तिचाच. इतर ठिकाणी तिची पाठ दिसायची, नाहीतर पाय. यात भूत तीच होती आणि तोंडही तिचंच दिसत होतं. केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्यात आग लागते. मुली केसांच्या लडी चोरतात म्हणून मालकाने दार बाहेरून लावून घेतलेलं असतं. एक मुलगी जळून मरते आणि परत येते. ही गोष्ट दिग्दर्शक मास्टर टोंगने आकाशातून आणली नव्हती. खिंगताई चौदाव्या वर्षी तसल्याच कारखान्यात बसायची. तिच्या बाकावरच्या दोघी, आ-फान आणि छोटी लिन, अशाच बंद दारामागे गेल्या. त्या दिवशी खिंगताई तापाने घरी होती, एवढाच काय तो फरक. सेटवर जेवायच्या सुट्टीत तिने हे मास्टर टोंगला सांगितलं, त्याने डबा बाजूला ठेवला आणि सिनेमा लिहिला. खऱ्या मालकाला शिक्षा सोडा, कोणी साधा प्रश्नही विचारला नव्हता. तो प्रश्न जगात एकाच ठिकाणी विचारला गेला होता, त्या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगात.

म्हणून सिनेमा निवडून आल्याचं कळल्यापासून खिंगताई हवेत होती. आणि आठवड्याच्या तोंडावर का-यान हॉटेलात आली, ती चहा नुसता ढवळत बसली.

"पिणार आहेस की खोदून पाणी काढणार आहेस?" हो-काकांनी विचारलं.

"ताई," का-यान म्हणाली, "मास्टर टोंगच्या मुलाने सिनेमाची नवी प्रत पाठवलीय. रंग बिंग स्वच्छ केलेत, दिसतो सुंदर. पण शेवट बदललाय."

"बदललाय म्हणजे?"

"मालक जेवायला बसतो, दार उघडतं, आणि तुम्ही आत यायच्या आधीच तो दवाखान्यात जागा होतो. डॉक्टर म्हणतो, कामाचा ताण आहे, सगळे भास. अशी कोणी मुलगी कामाला नव्हतीच. आगही लागली नव्हती."

खिंगताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आगच लागली नव्हती? मग मी मेले कशाने, खोकल्याने?"

"सीमेपलीकडे विकायचाय त्याला. तिकडच्या सरकारला सिनेमात भूत चालत नाही म्हणे. डॉक्टरचा प्रसंग नवे नट घेऊन केलाय."

"जुनी प्रत लाव!"

"आपल्याकडची कुजलीय, ताई. आंबट वास मारतो फिल्मचा डबा उघडला की. चांगली त्याच्याकडेच आहे आणि तो देत नाही."

खिंगताईने तिथूनच मास्टर टोंगच्या त्या मुलाला, टोंग वाय-मानला, फोन लावला. हा मुलगा तिच्या मांडीवर खेळला होता, सेटवर तिचे खोटे केस ओढायचा.

"खिंगमावशी! तब्येत कशी आहे?"

"माझी तब्येत राहू दे. शेवट कोणी कापला?"

"मावशी, कापला नाही, दुरुस्त केला. घेणाऱ्याची अट होती. मी काय करणार? आणि आजच्या मुलांना तसंही ते भूतबित बघून हसू येतं."

"अरे, त्या कामाचं मला लाल पाकीट मिळालं होतं. मेल्याचं काम करणाऱ्याला देतात ते. तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने दिलं, अशुभ लागू नये म्हणून. मी मेलेच नव्हते तर काय चहापाण्याला दिलं होतं?"

"मावशी, चिडू नका. सिनेमाच आहे शेवटी."

सिनेमाच आहे! हे वाक्य घेऊन ती खेळाच्या दिवसापर्यंत धुमसत होती. भाजीवाल्याशी भांडली, लिफ्टमध्ये शेजारणीवर खेकसली, देवासमोर उदबत्ती लावतानाही तोंडाचा पट्टा चालूच. बापाने उभं केलेलं घर विकणारे पुष्कळ पाहिले होते तिने, पण बापाच्या घरातलं प्रेत गायब करून घर विकणारा हा पहिलाच. भूत नाही म्हटलं की मेलेली पोरगी नाही. पोरगी नाही म्हणजे आग नाही. आग नाही म्हणजे दारही कोणी लावलं नाही. किती सोपं!

खेळ दुपारचा होता. खिंगताई आणि हो-काका पोचले तेव्हा पडद्यासमोर टेबल मांडलेलं होतं. त्यावर संत्री, भाजलेलं डुक्कर, तांदूळ, तीन पेले. आणि टेबलासमोर, कडक इस्त्रीचा सूट घालून, हातात उदबत्त्यांचा जुडगा धरून, खाली मान घालून कोण उभा? टोंग वाय-मान. मनोभावे वाकत होता पठ्ठ्या. मग त्याने थेटरातल्या माणसाला बोलावून पहिली रांग दाखवली.

"ही पूर्ण मोकळी हवी. एकही माणूस नको. आणि ती पिशवी कोणाची? उचला, उचला! या महिन्यात खेळ लावायचा आणि त्यांच्या जागेवर पिशव्या ठेवायच्या? अक्कल आहे का?"

ज्याची पिशवी होती तो बिचारा घाईघाईने माफी मागत मागे गेला. खिंगताई बघतच राहिली. सातव्या महिन्यात खेळ असला की पहिली रांग त्या फिरायला आलेल्यांसाठी सोडायची, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हे याने सांगावं? याने?

"काका," ती हलकेच म्हणाली, "हा उदबत्ती कोणाला लावतोय? डॉक्टरला?"

"बस गप," हो-काका म्हणाले. "तमाशा नको."

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला आणि खरंच सुंदर दिसत होता, हे तिलाही मानावं लागलं. केसांच्या काळ्याभोर लडी, वाकलेल्या माना, सुयांचा आवाज. आग लागली तेव्हा मागच्या बाजूला बसलेली कॉलेजची पोरं, जी आधी खिदळत होती, ती गप्प झाली. मुली दारावर हात आपटत होत्या. खिंगताईला आपले तेव्हाचे हात दिसले आणि तिने मांडीवरचे आत्ताचे हात घट्ट धरले. हे हात त्या दारावर नव्हते म्हणून ती आज इथे बसली होती.

मग मालकाचं घर आलं. तो जेवायला बसला. दार करकरलं. आणि लख्ख पांढरा दवाखाना आला.

"तुम्ही फार काम करता," पडद्यावरचा डॉक्टर गोड हसत म्हणाला. "अशी कोणी मुलगी नव्हतीच."

खिंगताई उठली. हो-काकांनी तिची बाही धरली, ती तिने सोडवून घेतली. उतारावरून ताठ चालत ती खाली गेली आणि पहिल्या रांगेत, बरोब्बर मधल्या खुर्चीत जाऊन बसली.

थेटरभर श्वास अडकल्याचा आवाज झाला. "अहो आजी!" कोणीतरी ओरडलं. एक बाई हात जोडून पुटपुटायला लागली. मागे का-यानने सिनेमा थांबवला आणि दिवे लागले. थांबलेल्या पडद्यावर डॉक्टर हसतच राहिला.

टोंग वाय-मान धावत आला, पण रांगेच्या टोकाशीच थबकला. "मावशी! उठा तिथून! ती रांग..."

"कोणाची आहे ही रांग?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. या लोकांना तुझ्या तोंडून ऐकू दे."

"नाव घेऊ नये त्यांचं या महिन्यात. उठा ना, प्लीज."

"म्हणजे आहेत ते?"

त्याने मागे वळून लोकांकडे पाहिलं.

"बोल ना, आहेत की नाहीत? असतील तर तुझा हा डॉक्टर खोटं बोलतोय, आणि तू पैसे घेऊन त्याला खोटं बोलायला लावलंयस. नसतील तर उदबत्ती कशाला लावलीस? डुक्कर कशाला मांडलंस? त्या गरीब माणसाला पिशवीवरून का झापलंस?"

"नाहीत!" वाय-मान चिडून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "नाहीत, झालं समाधान? जुन्या माणसांच्या समजुती आहेत, मी मान ठेवतो इतकंच!"

"छान," खिंगताई म्हणाली आणि तिने शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. "नाहीत ना? मग ये. बस इथे."

तो पुढे आला. सगळं थेटर बघत होतं. खुर्चीच्या पाठीवर त्याने हात ठेवला, बोटांना उदबत्तीची राख लागलेली होती. त्याने खुर्चीकडे पाहिलं, टेबलावरच्या भरलेल्या पेल्यांकडे पाहिलं. आणि हात काढून घेतला.

कॉलेजच्या पोरांतून कोणी फिसकन हसलं. मग मागून हो-काकांचा आवाज आला, तिकिटं फाडण्याच्या दिवसांतला, गल्लीपर्यंत पोचणारा.

"ए टोंगच्या पोरा! आमच्या काळच्या सिनेमात भूत खोटं निघायचं, पण चोर तरी सापडायचा! तुझ्यात भूतही नाही आणि चोरही नाही! मग आम्ही बघायचं काय, डॉक्टर?"

"माझा सिनेमा आहे हा," वाय-मान म्हणाला. "मी परत नेतोय. उद्याचा खेळ रद्द."

"ने," खिंगताई म्हणाली. "विक कोणाला विकायचा तो. पण आ-फान होती. छोटी लिन होती. दार बाहेरून लावलेलं होतं, आणि किल्ली कोणाच्या खिशात होती ते आम्हा सगळ्या पोरींना माहीत होतं. तू आणि तुझा डॉक्टर मिळून त्यांना नव्हत्या करू शकत नाही."

तो गेला. जाताना त्याने टेबलाला वळसा घातला, धक्का लागू नये म्हणून.

लोक उठले नाहीत. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी का-यान मधल्या वाटेवरून अर्ध्यापर्यंत आली.

"ताई, खरा शेवट काय होता? आमच्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलाच नाही."

खिंगताई उठली, पण पहिल्या रांगेतून बाहेर आली नाही. तिथेच लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"मी आत येते," ती म्हणाली. "केस जळालेले, अंगाला वास. मालक जेवतोय, समोर वाफाळता भात. मी टेबलाशी बसते. मी काही करत नाही, ओरडत नाही, गळा धरत नाही. एकच विचारते, दार कोणी लावलं? तो म्हणतो, मुकादमाने. मी परत विचारते. तो म्हणतो, वॉचमनने. मी परत विचारते. तो म्हणतो, सगळेच लावतात, चोऱ्या होतात. मी विचारतच राहते. शेवटी तो म्हणतो, मी लावलं."

"मग तुम्ही त्याला मारता?" मागचा एक पोरगा म्हणाला.

"नाही. मला तेवढंच ऐकायचं असतं. मी उठते आणि जाते."

"आणि मालक?"

"मालक माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो," खिंगताई म्हणाली. "मग वाटी उचलतो आणि उरलेला भात संपवतो. सिनेमा तिथे संपतो."