सईदाच्या रुख्सतीची कॅसेट

युसूफ वडगावच्या सोसायटीचं गोदाम त्या साली रिकामं होतं, हे म्हणे हबीबच्या पथ्यावर पडलं. पथ्यावर कसलं डोंबलाचं! नुसतं खोकलं तरी आवाज चारी भिंतींना आपटून परत यायचा, आणि या बाबाला तिथं बँड टेप करायचा होता. बँड म्हणजे तरी काय, दुष्काळानं मागं ठेवलेली तीन माणसं. क्लॅरिनेटवर त्याचा मामू खाजामियाँ, ढोलावर गहिनीनाथ, ट्रंपेटवर पंडित. बाकीचे ऊस तोडायला गेलेले.

रेडिओ दुरुस्त करून पोट भरणाऱ्या हबीबकडं स्वतःचा टेपरेकॉर्डर नव्हता. सोसायटीचा मागून आणलेला. एक माईक, एक कॅसेट, तिच्या एका बाजूला चेअरमनचं भाषण. वीज सकाळपासून गायब, म्हणून चार सेल पत्र्यावर उन्हात शेकवून आत घातले होते.

"चारला माझी मीटिंग हाय," सोसायटीचे सेक्रेटरी आप्पाराव दारातूनच म्हणाले. "मशीन तवर मोकळं पायजे. आन् भाषण पुसलं तर मला तोंड दाखवू नको."

हे सगळं आजच उरकायचं होतं, कारण उद्या अंबाजोगाईला मामूचे पुढचे दात काढायचे होते. हिरड्यांत पू झाला होता, डॉक्टर थांबायला तयार नव्हता. आणि वरचे दात गेले की क्लॅरिनेट गेली, तिची चोच दातांनीच धरावी लागते. खरं तर मामूच्या सईदाचं लग्न याच उन्हाळ्यात होतं. पण वऱ्हाडाला पाजायला पाणी कुठलं? दोन्ही घरांनी ते पुढच्या सालावर ढकललं. लग्न थांबलं, दात थोडेच थांबतात!

मामूची एक स्वतःची धून होती. गावातली लेक हिंदूची असो की मुसलमानाची, त्या धुनीशिवाय सासरी गेली नव्हती. आता सगळ्या गावाच्या पोरींसाठी वाजवून मोकळा झालेला माणूस आपल्या पोरीला मुक्यानं लावून देणार, हे हबीबला सोसेना. त्यानंच हा घाट घातला होता.

आवाज घुमू नये म्हणून त्यानं सोसायटीचं बारदान भिंतींना टांगलं. पहिल्यांदा टेप केलं, ऐकलं, आणि कपाळावर हात मारला. सगळीकडं ढोलच ढोल, मामू कुठं औषधालाही नाही.

"गहिनीनाथभाऊ, जरा हळू की!"

"ढोल काय कानात सांगायचा असतो का बे?" गहिनीनाथ तडकला. तरी त्याला उचलून पार दाराशी बसवला. पंडितला भिंतीकडं तोंड करून उभा केला, मामूला माईकपासून वीतभर अंतरावर. दुसऱ्यांदा जरा बरं जमत होतं, तोच मामूनं हात वर केला आणि थुंकला. थुंकीत रक्त होतं.

"मामू, ऱ्हाऊ द्या."

"कावून?" मामूनं रुमालानं तोंड पुसलं. "एकदा वाजवतो. पण एकदाच. त्याच्याफुडं जमायचं न्हाई बाबा."

साडेतीन वाजले होते. हबीबनं कॅसेट मागं घेतली, भाषणाची बाजू नाही ना हे तीनदा पाहिलं, एका कानात इअरफोन खुपसला आणि बटण दाबलं. ढोल बेतानं सुरू झाला, ट्रंपेट मागून आला, आणि मग मामू. या खेपेला सगळं जागच्या जागी होतं! मशीनचा लाल दिवा मात्र मंद दिसत होता. सेल बसले तर? हबीबनं श्वाससुद्धा रोखून धरला. या अल्ला, पाचच मिनटं दे.

आणि बाहेर भोंगा वाजला. लांबलचक, भोंऽऽ करत. चार-चार दिवसांनी येणारा टँकर नेमका आत्ता कडमडला होता.

गाव उठलं. घागरी खणखणल्या, कुणीतरी कुणाच्या नावानं शिव्या घातल्या. गोदामाच्या दारातून सईदाच ओरडली, "अब्बाऽ, टँकर आला!" आणि तशीच पळाली. गहिनीनाथनं हबीबकडं पाहिलं. त्याच्या घरी दोन लेकरं आणि तापानं पडलेली बायको साखराबाई. त्यानं ढोल अलगद खाली ठेवला आणि वाकून बाहेर पडला. कडव्याच्या शेवटी पंडितही गेला.

मेलो, असं हबीबला वाटलं. बंद करावं म्हणून बोट बटणावर गेलं. पण मामूचे डोळे मिटलेले होते, हनुवटीवर रक्ताची रेघ उतरत होती, आणि तो वाजवतच होता. हबीबनं बोट मागं घेतलं.

आप्पारावांना त्यानं भाषण दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दिलं आणि ही कॅसेट वर्षभर ट्रंकेत दडवली. नासली, एवढंच सांगितलं. स्वतःलाही ऐकायचा धीर झाला नाही.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला आणि सईदाचा निकाह लागला. रुख्सतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी मामू बोळक्या तोंडानं म्हणाला, "नासली तर नासली. लाव."

हबीबनं टेपरेकॉर्डर लाऊडस्पीकरला जोडला आणि कॅसेट लावली. ढोल, ट्रंपेट, क्लॅरिनेट... आणि भोंऽऽ! मांडवातल्या निम्म्या बायका ताडकन उठल्या. साखराबाईनं तर समोरची कळशीच उचलली. मग सगळ्यांना उमगलं, आणि हसून हसून मुरकुंडी वळली.

हसू ओसरलं तेव्हा ढोल थांबलेला होता, ट्रंपेटही नव्हता. एकटी क्लॅरिनेट होती, वर्षभर कुणीच न ऐकलेली, अगदी स्वच्छ. खाजामियाँची बोटं मांडीवर चालत होती.

"भाईजान," ओढणीतून सईदा म्हणाली, "मी तर घागर घेऊन पळाल्ते. अब्बा मागं वाजवतच हुते?"

हबीबनं मान डोलावली.

बाहेर जीप सुरू होती, सासरची माणसं घाई करत होती. सईदा जागची हलली नाही. कॅसेट संपून खट्ट वाजलं, मगच ती उठली.