तीन उशा

“तीन-तीन उशा लागतात महाराणीले. आम्ही सात महिन्यांच्या पोटानं वावरात निंदाले जात होतो,” मनकर्णाबाई पुरणाशी बोलल्यासारख्या पुटपुटल्या. पण ते शेजारी पुरणयंत्र फिरवणाऱ्या विहिणीला, कौशल्याबाईंना, ऐकू जावं अशाच बेतानं.

कौशल्याबाई दुसरबीडहून दोन गाड्या बदलून जळगाव जामोदला लेकीच्या ओटीला आल्या होत्या. उशांचं ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. आडवं झालं की दम कोंडतो, उंच उशा लागतात, ही काळीज थकल्याची खूण डॉक्टरांनी त्यांना कधीच सांगून ठेवली होती.

त्यांची लेक पुष्पांजली नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला, सांधे सुजले आणि तापानं जाता जाता काळजाची एक झडप आखडून टाकली. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी सुई. पुढं स्थळं यायला लागली. पाहायला आलेल्यांनी विचारलं, पोरीला काही दुखणं? घरातल्या सगळ्यांनी पोह्यांच्या बशांकडे पाहिलं. लग्न ठरलं, फाइल कपाटात कुलपाआड गेली, आणि सासरी काय सांगायचं म्हणून सुईही बंद झाली. दिवस जायच्या आधी मला विचारा, असं डॉक्टर बजावून म्हणाले होते. दिवस काय कुणाला विचारून जातात?

इथं दवाखान्यात धाप लागते म्हटल्यावर रक्त कमी म्हणून गोळ्या मिळाल्या. पुष्पांजलीनं पुढं काही सांगितलं नाही. आईनंच गळ्याची शपथ घातली होती.

ओटी भरून झाली. हिरव्या साडीतली पोर एकेकीच्या पाया पडू लागली. वाकायचं, उठायचं, परत वाकायचं. सातव्या बाईपाशी ती खाली बसली ती उठलीच नाही. खोकली. पदर तोंडाला लावला, तर त्यावर गुलाबी फेस. ओठ जांभळे पडत चाललेले.

कुणी म्हणालं पित्त आहे, लिंबूपाणी द्या. शेजारच्या शालूबाईंनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या मागितल्या. मनकर्णाबाई आता कुरकुर विसरल्या होत्या. सुनेला निजवायला त्यांनी तिचे खांदे धरले, तशा कौशल्याबाई आडव्या आल्या.

“निजवू नका तिले. बसूनच राहू द्या. गाडी बोलवा.”

“काऊन? झालं तरी काय?”

पुष्पांजलीनं आईकडे पाहून मान हलवली. नको म्हणून.

“तिच्या काळजाची झडप लहानपणापासून खराब हाये, इहीनबाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. “आम्ही तुमच्यापासून लपवलं.”