देवापुढची पत्रिका

पहिली ओळ जिथे संपली होती, बरोबर तिच्या टोकाखाली दुसरी ओळ सुरू झाली होती. वसंताने फुटपट्टी उभी धरून पाहिलं. केसभरही फरक नव्हता. तिसरी ओळ दुसरीच्या टोकाखाली सुरू झाली आणि दोन शब्दांतच कागदाच्या उजव्या कडेबाहेर पडली. उरलेलं पान कोरं.

"आपल्या महामहम् तळ्याच्या पायऱ्या छापल्यास काय गं?" मुकुंदरावांनी झोपाळ्यावरून विचारलं. वसंताचे वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांना बरं वाटायचं.

"दोन वेगळ्या आज्ञा असतात, अप्पा. कागद एक ओळ वर सरकव, ही एक. शाई उडवणारं डोकं परत डावीकडे आण, ही दुसरी. कॉम्प्युटरवरचं लिनक्स प्रिंटरला पहिलीच पाठवतं. दुसरी आपण मधे घालायची."

"मग घाल की."

"पाहू," वसंता म्हणाली.

या 'पाहू'पायीच ती अडकली होती. होसूरच्या वरदराजचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी तिला विचारलं आणि ती म्हणाली, पाहू. घरचा कारभार मुकुंदरावांच्या धाकट्या बहिणीच्या, गोमतीआत्यांच्या हातात. तेहतीस वर्षांच्या मुलीने 'नाही' म्हटलं नाही म्हणजे 'हो'च म्हटलं, असा त्यांनी हिशोब केला आणि मुहूर्तही काढला. लग्न म्हणजे होसूर. होसूर म्हणजे कुंभकोणमच्या मुलींच्या कॉलेजातली कायमची नोकरी सोडायची, आणि जिथली कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे हे ती डोळे मिटून सांगू शकत होती, ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करायची. वसंताला हे लग्न नको होतं. पण बायको गेल्यानंतर मुकुंदराव पहिल्यांदाच सकाळी कर्नाटकी कीर्तनं गुणगुणू लागले होते. ते बंद पाडायचा धीर तिला होईना.

सुदैवाने आड एक रीत होती. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या मराठी घरात लग्नाची पहिली पत्रिका देवघरात व्यंकोबापुढे ठेवतात. तिला हळदकुंकू लागलं की लग्न ठरलं; त्याआधीचं सगळं नुसतं बोलणं. गावासाठी पत्रिका तमिळमध्ये चालते, ती कुठल्याही छापखान्यात होते. पहिली मात्र मराठीत हवी, बाळबोध अक्षरांत. व्यंकोबाच्या कानावर बाहेरून दिवसभर तमिळ पडत असतंच. घरच्यांनी त्याच्याशी घरच्याच भाषेत बोलावं, असं आत्यांचं म्हणणं. पूर्वी गावातल्या एका छापखान्यात बाळबोध अक्षरांचे खिळे होते. त्याचे म्हातारे मालक गेले आणि त्यांच्या मुलाने खिळे भंगारात काढले.

"हाताने लिहिली तर?" मुकुंदरावांनी एकदा चाचरत विचारलं होतं.

"हाताने श्राद्धाचं बोलावणं लिहितात," आत्या कडाडल्या. "त्या मीनाक्षीबाईच्या मुलीची छापलेली होती. सोनेरी काठाची! आणि आपण चिठी ठेवायची व्यंकोबापुढे?"

तेव्हा उरला वसंताचा कॉम्प्युटर. हे अठ्ठ्याण्णव साल. प्रश्नपत्रिकांत रासायनिक सूत्रं नीट बसावीत म्हणून तिने त्यावर लिनक्स घातलं होतं. त्यातला अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम मराठीही जुळवायचा. जोडीला शाई उडवून छापणारा नवा इंकजेट प्रिंटर होता. गोमतीआत्यांनी हे ऐकलं आणि त्या दर रविवारी हळदीची वाटी घेऊन प्रिंटरजवळ उभ्या राहू लागल्या.

"आज?"

"पायऱ्याच, आत्या."

आता खरी गोष्ट सांगायची तर प्रिंटर दिवाळीपूर्वीच चालू झाला होता. वसंताने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला फिल्टर म्हणतात, गाळणीच ती. कॉम्प्युटरकडून येणारं सगळं या गाळणीतून जायचं, राहिलेली आज्ञा मधे पडायची, जुळवलेलं पान शाईच्या थेंबांत बदलायचं आणि प्रिंटर शहाण्यासारखा छापायचा. घरात कुणी नसताना तिने पत्रिका छापून पाहिली. अप्रतिम आली. आपलं नाव वरदराजच्या नावाशेजारी तिने नीट वाचलं, मग तो कागद बादलीत बुडवला आणि शाई पूर्ण विरघळेपर्यंत ढवळला. परत येऊन सेटिंगच्या फाइलमधली एकच ओळ खोडली, फिल्टरला हाक मारणारी. प्रिंटर पुन्हा बिघडला. वसंताने आयुष्यात केलेली ही पहिलीच लबाडी, आणि तिला ती फार आवडली.

आत्यांनी प्रिंटरची दृष्ट काढली. त्याला कुंकू लावलं. पत्रिकेऐवजी त्यातून कंस आणि आकड्यांच्या पायऱ्या पडायच्या, त्या चष्मा लावून वाचून पाहिल्या. शेवटी त्यांनी थेट वरदराजच्या आईला फोन केला. "तुमचा मुलगा कॉम्प्युटरातलाच ना? मग द्या की पाठवून!"

वरदराज आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, चेहरा परीक्षेला बसायला आल्यासारखा. जवळच्या स्वामीमलैला मामाकडे उतरला होता आणि पहिल्याच बसने निघाला होता. आत्या काफी करायला आत गेल्या. मुकुंदराव झोपाळ्यावर वर्तमानपत्राआड दिसेनासे झाले. वरदराज खुर्ची ओढून वसंताशेजारी बसला.

"फिल्टर लिहिलाय?"

"लिहायला घेतला होता," वसंता म्हणाली.

त्याने फाइल उघडली. सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचली. "हा तर पुरा आहे. नेटका आहे. जागोजागी टिपा आहेत." मग त्याने सेटिंगची फाइल उघडली. "फक्त याला कुणी बोलावत नाही."

वसंता खिडकीकडे पाहत राहिली.

"अशी ओळ आपोआप जात नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला.

"नाही जात."

"कुणी काढली?"

"मी."

आतून काफी वरखाली ओतल्याचा आवाज येत होता. ताटकळलेल्या माणसाला एकदाची बस दिसावी, तसा वरदराजने श्वास सोडला.

"फार उपकार झाले तुमचे," तो म्हणाला. "होसूरहून निघाल्यापासून एकच काळजी होती. प्रिंटर दुरुस्त झाला तर काय करायचं?"

"म्हणजे तुम्हालाही..."

"मला आईला 'नाही' म्हणता येत नाही. लहानपणी तिने वीणा शीक म्हटलं, शिकलो. सात वर्षं! मला सूर कळत नाही."

वसंताने ओठ दाबले.

"पण तुमचा बिघाड फार उघडा आहे हो," तो फाइलवर बोट ठेवून म्हणाला. "शिकाऊ पोरसुद्धा पकडेल. जरा सुधारू का?"

"बिघाड सुधारणार?"

"चांगला करून देतो."

त्याने खोडलेली ओळ परत घातली. मग फिल्टरच्या पोटात शिरून या प्रिंटरच्या जागी त्याच कंपनीच्या दुसऱ्या, जुन्या प्रिंटरचं नाव लिहिलं. आता कुणीही पाहिलं असतं तर त्याला सगळं जागच्या जागी दिसलं असतं. त्याने पत्रिका छापायला सोडली. प्रिंटर खरखरला, कागद बाहेर आला. पायऱ्या नव्हत्या. अख्खी पत्रिका सरळ, सुबक, पण पानाच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी.

"प्रगती आहे," वरदराज डॉक्टरच्या गंभीरपणाने म्हणाला. "पेशंट बसायला लागलाय. चालायला अजून दोनतीन महिने."

प्रयोगशाळेत जिला कुणी कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, ती वसंता टेबलाला धरून हसली. वरदराजही हसू लागला. त्याच्या मांडीवरची छत्री खाली पडली, ती उचलायला दोघं एकदमच वाकले आणि पुन्हा हसले.

नेमक्या तेव्हाच गोमतीआत्या काफी घेऊन दारात आल्या. जवळजवळ आलेली दोन डोकी आणि डोळ्यांत पाणी येईतो हसू. हे पाहून तुमच्या मनात जे येईल, तेच त्यांच्याही आलं. फरक एवढाच की त्या नुसतं मनात आणून थांबणाऱ्या बाई नव्हत्या.

"पाहू तो कागद," त्या म्हणाल्या. चष्मा लावला. "श्री व्यंकटेश प्रसन्न... चिरंजीव वरदराज... आमची कन्या वसंता... सगळं तर आहे की!"

"पण इतकी बारीक, आत्या!" वसंता म्हणाली.

"व्यंकोबाला काय चष्मा लागतो?"

वसंताने वरदराजकडे पाहिलं. वरदराजने प्रिंटरकडे पाहिलं. प्रिंटरचं नाव बदलताना या शक्यतेचा विचार दोघांनीही केला नव्हता.

आत्यांनी शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि चारी कडा कापून पत्रिका मोकळी केली. तळहातावर ती फारच गोड दिसत होती. "मीनाक्षीबाईच्या घरी तरी होती का अशी? नाजूक किती! अण्णा, ऊठ. पाय धुऊन ये. आत्ताच ठेवून टाकू. पोरांचं जमलंय, आता कशाला थांबायचं?"

"आत्या, शाई..." वरदराजने प्रयत्न केला. "शाई ओली आहे अजून."

"वाळेल, जावईबापू."

त्या 'जावईबापू'ने वरदराजचा उरलासुरला रंगही उतरला. मुकुंदराव पाय धुऊन, ओल्या पावलांनी देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. आत्यांनी निरांजन लावलं, पत्रिका पाटावर ठेवली आणि वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं.

वसंता टेबलाजवळून उठली. एक ओळ खोडून तिने इतके महिने काढले होते. आता दुरुस्त करायला किंवा बिघडवायला हाताशी काहीच नव्हतं. आत्यांचं पिवळं बोट पत्रिकेच्या कोपऱ्याकडे निघालं.

"थांबा," ती म्हणाली. आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तेवढा होता. आत्यांचं बोट हवेत राहिलं. मुकुंदरावांनी मागे वळून पाहिलं.

"अप्पा, मला हे लग्न करायचं नाही. मी कॉलेज सोडणार नाही."